नव्याण्णवांचे काय?

हरवलेल्या मेंढराचा दाखला शब्बाथ शाळेत शिकविताना एक प्रश्न हटकून येतो, आणि तो बहुधा आठ-नऊ वर्षांच्या मुलाकडूनच येतो. मेंढपाळ एकाला शोधावयास गेला, मग बाकीच्या नव्याण्णवांचे काय झाले? शिक्षक हसून पुढे जातात, कारण धडा हरवलेल्याविषयी असतो आणि घंटा व्हावयास पाचच मिनिटे उरलेली असतात. पण प्रश्न पोरकट नाही. लूककृत शुभवर्तमानात ती नव्याण्णव रानात सोडलेली आहेत, मत्तयकृत शुभवर्तमानात डोंगरावर. रानात लांडगा असतो, डोंगरावर थंडी असते. ज्याने एकावर दया केली त्याने बाकीच्यांना कोणाच्या भरवशावर ठेवले, हे विचारण्याचा त्या मुलाला हक्क आहे.

बेळगावकडील आपल्या वाचकांना याचे उत्तर पुस्तकात शोधावे लागणार नाही. धनगरांचे कळप शेतात बसतात तेव्हा रात्री मेंढरे वाघरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात, कोंडलेली असतात. राखणीला कुत्री असतात, बायामाणसे असतात, दोन-तीन घरांचे कळप एकत्र असतात. एखादे कोकरू मागे राहिले तर एक जण त्याच्या शोधाला जातो आणि बाकीचे वाघरीपाशी थांबतात. पॅलेस्टाईनातही शंभर मेंढरांचा कळप बहुधा एकट्या माणसाच्या हवाली नसे, असे काही भाष्यकार सांगतात. म्हणजे मेंढपाळ निर्धास्तपणे गेला तो मागे व्यवस्था होती म्हणून. दाखल्यात तिचा उल्लेख नाही, कारण ऐकणाऱ्यांना ती ठाऊकच होती.

ही व्यवस्था जेथे नसते तेथे काय होते, ते अलीकडे विमानप्रवासात वारंवार दिसू लागले आहे. विमानकंपन्यांचा विषय मंडळीच्या मासिकात कशाला, असे कोणी म्हणेल. पण बडोदे, इंदूर, हैदराबाद, गोवा येथील आपल्या मंडळ्यांत अशी पुष्कळ घरे आहेत की ज्यांची मुले परदेशी आहेत, आणि साठी-सत्तरी ओलांडलेले आईबाप नातवंडांना पाहावयास सात समुद्र ओलांडून जातात. आणि विषय विमानाचा दिसला तरी प्रश्न जुनाच आहे. आपल्या चुकीवाचून जे लोक आपल्या पदरी संकटात पडले, त्यांचे आपण काय लागतो?

२ एप्रिल २०२५ रोजी व्हर्जिन अटलांटिक कंपनीचे विमान लंडनहून मुंबईस निघाले. आत अडीचशेहून अधिक उतारू होते व त्यांत भारतीय पुष्कळ होते. वाटेत एका उतारूस तातडीच्या उपचारांची गरज पडली, म्हणून विमान तुर्कस्तानाच्या आग्नेय भागातील दियारबाकिर येथे उतरविण्यात आले. हा विमानतळ लष्करी तळाला लागून आहे, मोठ्या शहरांच्या विमानतळांसारखा गजबजलेला नाही. उतरल्यावर विमानातच तांत्रिक दोष निघाला आणि ते पुढे जाईना. उतारू मुंबईस पोचले ते ४ एप्रिलच्या रात्री. मध्ये चाळीस तासांहून अधिक काळ गेला. एवढ्या माणसांना एकच शौचालय, पांघरुणांचा तुटवडा, दूरध्वनी यंत्रे चालू ठेवण्याची सोय नाही, आणि पुढे काय होणार हे सांगणारे कोणी नाही, अशा तक्रारी वृत्तपत्रांतून आल्या. कंपनीने दिलगिरी व्यक्त केली, रात्रीच्या मुक्कामाची व खाण्याची सोय केल्याचे सांगितले. अंकारा येथील भारतीय वकिलातीनेही लक्ष घातले.

या घटनेत पहिली गोष्ट कबूल केली पाहिजे, आणि ती मनापासून. विमान उतरविले ते योग्यच केले. असे वाटेत उतरणे स्वस्त नसते. इंधन जाते, परक्या विमानतळाचे शुल्क द्यावे लागते, पुढची उड्डाणे चुकतात, कर्मचाऱ्यांच्या कामाचे तास संपतात. हे सर्व ठाऊक असूनही एका माणसासाठी एवढे मोठे यंत्र खाली आणले जाते. विमान उडत असता त्याविषयीचा अखेरचा निर्णय कप्तानाचा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, आणि हा नियम मला आपल्या काळातील थोड्या सुंदर नियमांपैकी एक वाटतो. हजारो मैलांवरच्या कचेरीत बसलेला हिशेबनीस त्या क्षणी कप्तानापेक्षा लहान असतो. एकासाठी नव्याण्णवांचा मार्ग बदलावयाचा, हे शुभवर्तमानाचे गणित आहे. व्यापाराच्या जगात ते अजून शिल्लक आहे, याबद्दल देवाचे आभार मानले पाहिजेत.

परंतु दया कप्तानाने केली, तिची किंमत कोणी भरली? ज्या म्हाताऱ्या बाईची औषधे सामानाच्या पेटीत राहिली तिने भरली. ज्या आईजवळ बाळाचे दूध संपले तिने भरली. ज्याच्या घरी कोणाची अंत्यक्रिया त्याच्यासाठी थांबली होती त्याने भरली. अशी माणसे प्रत्येक विमानात असतात. कंपनीच्या नावावर पुण्य लागले आणि ते लागले उतारूंच्या खर्चाने. दाविदास अरवनाचे खळे वेदीसाठी फुकट मिळत होते, बैल व लाकूडही मिळत होते. पण ज्यास आपल्याला काही मोल पडले नाही असे अर्पण देवास करावयाचे नाही, म्हणून त्याने पैसे मोजून खळे घेतले. दुसऱ्याच्या गोठ्यातले जनावर कापून यज्ञ करणे त्याला पटले नाही. वाटेत उतरलेल्या विमानाच्या बाबतीत प्रश्न नेमका हाच आहे. एकासाठी उतरावयाचे हे ठरले की त्या उतरण्याचा भार ज्याचा त्याने वाहिला पाहिजे, आणि तो भार कंपनीचा आहे, धर्मशाळेतल्यासारखे जमिनीवर बसलेल्या उतारूंचा नव्हे.

यावर कंपन्यांचे उत्तर ठरलेले असते. उतारू आजारी पडला यात आमचा दोष काय? वादळ आले, धुके पडले, यात आमचा दोष काय? आणि खरेच, दोष नसतो. पण दोष आणि जबाबदारी या दोन वस्तू एक नव्हेत, आणि त्या एक मानल्या की माणूस फार सोयीने हात झाडून मोकळा होतो. यरुशलेमेहून यरीहोस जाणाऱ्या वाटेवर पडलेल्या माणसास शोमरोन्याने मारले नव्हते. त्याचा दोष शून्य होता. तरी त्याने त्याला उचलले, जखमा बांधल्या, उतारशाळेत नेले. पुष्कळदा आपण दाखला तेथेच थांबवितो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने उतारशाळेच्या रखवालदाराच्या हातावर दोन नाणी ठेवली आणि अधिक लागले तर परत येताना देईन असे सांगितले. या सकाळच्या गोष्टीकडे आपले लक्ष कमी जाते. वाटेवरची दया एका क्षणाची होती, उतारशाळेतली दया हिशेबाची होती. तीत दुसऱ्या दिवसाचा विचार होता, खर्चाचा अंदाज होता, आणि परत येण्याचे वचन होते. विमानकंपनीने तर उतारूकडून आधीच भाडे घेतलेले असते, त्याला दार लावून आत बसविलेले असते, त्याचे सामान आपल्या ताब्यात घेतलेले असते. वाटसरूवर जेवढे बंधन होते त्याहून तिच्यावर किती तरी अधिक आहे.

दोष आणि जबाबदारी यांतला हा भेद धर्मोपदेशकांनीच ओळखला आहे असे नाही, न्यायालयानेही ओळखला आहे. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडमधील एका ज्वालामुखीची राख उडाली आणि युरोपातील विमाने दिवसचे दिवस बंद पडली. पोर्तुगालमधील फारोहून डब्लिनला परतावयास निघालेली एक आयरिश बाई आठवडाभर अडकली. रायनएअर कंपनीने तिच्या राहण्याजेवणाची काही व्यवस्था केली नाही. खर्च सुमारे ११३० युरो झाला. कंपनीचा बचाव असा की ही नुसती असाधारण परिस्थिती नव्हती, तिच्याही पलीकडची होती, मग आम्ही का द्यावे? युरोपीय संघाच्या न्यायालयाने ३१ जानेवारी २०१३ रोजी निकाल दिला. असाधारण परिस्थितीत नुकसानभरपाई माफ होते, उतारूचा सांभाळ माफ होत नाही. असाधारणाच्या पलीकडे म्हणून वेगळा वर्ग कायद्यात नाही. न्यायालयाने असेही दाखविले की जितका काळ माणूस अडकून पडेल तितकी सांभाळाची गरज वाढते, म्हणून संकट मोठे आहे ही सबब येथे उलट लागू पडते. ज्या नियमावर हा निकाल आधारला तो २००४ सालचा आहे. जेवण, मुक्काम आणि दोन वेळा निरोप धाडण्याची सोय तो उतारूस देतो. निरोपाच्या साधनांत त्याने टेलेक्सही गणला आहे, हे वाचून तारघरात उमेदवारी केलेल्या आपल्या काही वृद्ध सभासदांना गंमत वाटेल. आपल्या देशातील नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांतही हाच धागा आहे. कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांसाठी भरपाईतून सूट आहे, पण विलंबाच्या वेळी खाण्यापिण्याची आणि विलंब फार लांबला तर मुक्कामाची व्यवस्था सांगितलेली आहे.

नियम असतात, तरी माणसे विमानात अडकून बसतात. असे का होते ते अमेरिकेतील एका लहानशा घटनेवरून जितके स्पष्ट दिसते तितके मोठ्या अपघातांवरून दिसत नाही. ऑगस्ट २००९ मध्ये ह्यूस्टनहून मिनिआपोलिसला निघालेले एक छोटे विमान वादळामुळे रॉचेस्टर येथे उतरविले गेले. मध्यरात्र उलटून गेली होती. उतारू ४७ होते. विमान कॉन्टिनेंटल कंपनीच्या नावाने चालत होते, चालविणारी कंपनी एक्स्प्रेसजेट होती, आणि त्या वेळी विमानतळावर हजर असलेली माणसे मेसाबा नावाच्या तिसऱ्याच कंपनीची होती. विमानतळाची इमारत समोर दिसत होती. कप्तानांनी उतारूंना तेथे जाऊ देण्याची पुन्हा पुन्हा विनंती केली. उत्तर मिळाले की तपासणीचे कर्मचारी घरी गेले आहेत, म्हणून इमारत उघडता येत नाही. सुमारे सहा तास ती माणसे त्या अरुंद नळकांड्यात बसून राहिली. लहान मुले रडत होती, शौचालयास दुर्गंधी सुटली होती. चौकशीत निघाले ते असे की नियमाने मनाई नव्हतीच. उतारूंना इमारतीच्या बंदिस्त भागात बसविता आले असते. तीनही कंपन्यांना मिळून १,७५,००० डॉलर दंड झाला, आणि पुढल्या वर्षी अमेरिकेत देशांतर्गत विमानाने उतारूंना तीन तासांपलीकडे जमिनीवर अडकवून ठेवू नये असा नियम अंमलात आला.

या गोष्टीत दुष्ट मनुष्य कोणीच नाही, आणि मला त्याचेच भय वाटते. रात्रपाळीचा एक कारकून आहे, त्याला नियम अर्धवट माहीत आहे, आणि अर्धवट माहीत असलेला नियम नेहमी नकाराच्या बाजूनेच आठवतो. विमान आपल्या कंपनीचे नाही, मग आपण जोखीम का घ्यावी, असेही त्याच्या मनात आले असेल. याजक आणि लेवी बाजूने निघून गेले ते कठोर होते म्हणूनच असे आपण धरून चालतो. पण पडलेला मनुष्य मेलेला असता तर त्याला शिवून याजकाला विटाळ झाला असता, असा नियम होताच. त्याच्याजवळ सबब होती आणि ती शास्त्रातली होती. शब्बाथाच्या दिवशी खाचेत पडलेले मेंढरू वर काढावे की नाही, असे आपल्या प्रभूने परूश्यांना विचारले तेव्हा नियम मोडा असे तो सांगत नव्हता. नियम कोणासाठी आहे ते आठवा, असे सांगत होता.

आपल्याकडचे उदाहरण गोव्याच्या वाचकांना आठवत असेल. जानेवारी २०२४ मध्ये इंडिगो कंपनीचे गोव्याहून दिल्लीस निघालेले विमान आधीच कित्येक तास रखडले होते. दिल्लीच्या धुक्यामुळे ते रात्री मुंबईस उतरविले, आणि कंटाळलेले उतारू विमानातून उतरून तेथेच फरसबंदीवर पंगत मांडून जेवावयास बसले. ते चित्र देशभर पसरले. कंपनीस १ कोटी २० लाख आणि विमानतळास एकंदर ९० लाख रुपये दंड झाला. दंड सुरक्षिततेच्या भंगाबद्दल होता आणि तो रास्त होता, कारण विमानांच्या वर्दळीत जेवावयास बसणे हा जिवाशी खेळ आहे. पण ती माणसे तेथे का बसली, हाही प्रश्न उरतोच. ज्यांना कोणी विचारीत नाही ती माणसे मिळेल तेथे बसतात.

कंपन्यांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. संकट सांगून येत नाही. लहान गावात तीनशे खाटा नसतात. परदेशात उतरले तर प्रवेशपत्रांचा प्रश्न येतो. थकलेल्या वैमानिकाला विश्रांती दिल्यावाचून पुन्हा उडविणे हा गुन्हाच ठरेल. हे सर्व खरे आहे. पण संकट सांगून येत नसले तरी ते कोठे उतरेल हे कंपनीस बरेचसे माहीत असते. दोन इंजिनांचे विमान समुद्रावरून किंवा निर्जन प्रदेशावरून न्यावयाचे तर एक इंजिन बंद पडल्यास ठराविक वेळात कोणत्या विमानतळावर पोचता येईल, हे आधी लिहून ठेवावे लागते. अमेरिकेत १९८५ पर्यंत ही मर्यादा साधारणपणे एक तासाची होती. त्या वर्षी दोन तासांची मुभा मिळाली आणि पुढे ती आणखी वाढत गेली. म्हणजे मार्ग ठरतो तेव्हाच अडीअडचणीचे विमानतळही ठरतात. तेथे धावपट्टी किती लांब आहे, इंधन मिळते का, अग्निशामक बंब आहेत का, हे तपासलेले असते. अमेरिकेच्या २००७ च्या नियमांनी ध्रुवप्रदेशावरून आणि अतिदूरच्या मार्गांवरून जाणाऱ्या कंपन्यांना एक पाऊल पुढे नेले. अशा विमानतळांवर उतारूंचा सांभाळ कसा करणार आणि त्यांना तेथून परत कसे आणणार, याची लेखी योजना त्यांना करावी लागते. ही गोष्ट अतिदूरच्या मार्गांपुरती का असावी? यंत्र कोठे टेकेल याचा जो विचार करितो, त्याने माणसे कोठे निजतील याचाही करावा. बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो, असे प्रभूने म्हटले आहे. स्वस्त तिकिटाच्या जाहिरातीत हा खर्च धरलेला असतो की नाही, ते दियारबाकिरसारख्या ठिकाणी कळते.

तयारी असली तर, किंवा तयारी नसताही मन असले तर, काय करता येते याचेही उदाहरण आहे. ६ जून २०२३ रोजी एअर इंडियाचे दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले विमान इंजिनातील बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडील मगदान येथे उतरले. २१६ उतारू आणि १६ कर्मचारी होते. एके काळी स्टालिनच्या कैद्यांना ज्या बंदरातून छावण्यांकडे नेत, तेच हे गाव. कंपनीचा तेथे एकही मनुष्य नव्हता. उतारूंना शाळेत व वसतिगृहांत उतरविले, पुष्कळांना जमिनीवर गाद्या टाकून निजावे लागले, भाषा कोणाला येईना. हे सुखाचे नव्हते. पण दुसऱ्याच दिवशी मुंबईहून रिकामे विमान निघाले. त्यात उतारूंसाठी अन्न व गरजेच्या वस्तू होत्या. ८ जूनला तेच विमान उतारूंना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला गेले. कंपनीने भाडे संपूर्ण परत केले आणि पुढील प्रवासासाठी सवलतीचे पत्र दिले. दोष इंजिनाचा होता, निजण्याची गैरसोय गावाच्या आकाराची होती, पण भार मात्र कंपनीने बराचसा उचलला. मला यातील भाड्याच्या परताव्यापेक्षा त्या विमानातले जेवण अधिक महत्त्वाचे वाटते. पैसे महिन्याने परत केले तरी चालते, भूक त्याच रात्रीची असते.

मगदानच्या लोकांनी शाळा उघडली, हेही विसरता कामा नये. परक्या गावाची दया हा अशा प्रसंगांतील फार जुना भाग आहे. पौलाचे तारू फुटले तेव्हा २७६ माणसे पोहत, फळ्यांना धरून मिलिता बेटाच्या किनाऱ्यास लागली. पाऊस होता, थंडी होती. बेटाच्या लोकांनी शेकोटी पेटविली, तीन महिने सांभाळ केला, आणि निघतेवेळी लागेल ते सामान तारवात भरून दिले. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेवर हल्ला झाला आणि आकाश बंद झाले तेव्हा कॅनडातील गँडर या दहा हजार वस्तीच्या गावी ३८ विमाने व सुमारे ६,६०० माणसे अचानक उतरली. शाळांच्या बसचालकांचा संप चालू होता, तो त्यांनी बाजूला ठेवला आणि गाड्या बाहेर काढल्या. देवळे, शाळा, सभागृहे निजण्यासाठी उघडली, घराघरांतून अन्न आले. जवळच्या लुईसपोर्टमध्ये राहिलेल्या डेल्टा कंपनीच्या एका विमानाच्या उतारूंनी पुढे त्या गावच्या मुलांसाठी शिष्यवृत्तीचा निधी उभारला. लुफ्तान्सा कंपनीने आपल्या एका विमानास गँडर आणि हॅलिफॅक्स या गावांचे नाव दिले. हे वाचून डोळे भरून येतात, आणि यावेत. पण विमानकंपनीने यातून चुकीचा धडा घेऊ नये. गावकऱ्यांची दया ही कृपा आहे, तिच्यावर कोणी आपला धंदा उभारू नये. शेजारी चांगले आहेत म्हणून आपल्या मुलांना उपाशी ठेवणाऱ्या बापास आपण काय म्हणू? त्या बेटावर पौलाला शेकोटी मिळाली, तरी तारवाच्या धन्याची जबाबदारी त्यामुळे फिटली नाही.

अन्न, पाणी, पांघरूण यांच्या जोडीने आणखी एक गोष्ट द्यावी लागते आणि तिला काही खर्च येत नाही. ती म्हणजे खरे बोलणे. अडकलेल्या उतारूंच्या तक्रारी वाचल्या तर खाण्यापेक्षा याविषयी अधिक बोलणे असते. 'थोड्याच वेळात' हे शब्द दर तासाला ऐकू येतात आणि सहाव्या तासाला त्यांचा राग येतो. नक्की ठाऊक नसेल तर नक्की ठाऊक नाही असे सांगावे. पुन्हा केव्हा सांगू ती वेळ द्यावी, आणि त्या वेळेला सांगण्याजोगे काही नसले तरी येऊन उभे राहावे. हे बहुधा सर्वांत खालच्या पगाराच्या मुलामुलींवर ढकलले जाते. वरिष्ठ निवेदन काढतात, शिव्या त्या ऐकतात.

४ नोव्हेंबर २०१० रोजी क्वांटास कंपनीच्या प्रचंड विमानाचे एक इंजिन सिंगापूर सोडल्यावर थोड्याच वेळात फुटले. कप्तान रिचर्ड डी क्रेस्पिनी यांनी ते ४६९ माणसांसह सुखरूप परत उतरविले. खाली आल्यावरही एक इंजिन बंद होईना आणि इंधन गळत होते. असा दिवस पार पडल्यावर मनुष्य घरी जाऊन दार लावून घेईल. ते विमानतळावर उतारूंमध्ये गेले, काय घडले ते समजावून सांगितले, प्रश्नांची उत्तरे दिली, आणि आपला स्वतःचा दूरध्वनी क्रमांक दिला. कंपनी तुमची नीट काळजी घेत नाही असे वाटले तर मला कळवा, असा त्याचा अर्थ होता. शोमरोन्याने परत येण्याचे वचन दिले, ते याहून फार वेगळे नव्हते.

भरपाईविषयी थोडकेच सांगतो. ती मिळावी, उतारूने भांडून मागण्याआधी मिळावी, आणि पावतीच्या मागे बारीक अक्षरांत लपलेली नसावी. पुढच्या प्रवासाच्या सवलतीवर भागविणे मला अपुरे वाटते. ज्या घरात एकदा तिकिटासाठी चार वर्षे पैसे साठविले, त्यांना पुढचा प्रवास कधी घडणार? आणि पैसे दिले म्हणजे माफी मागावयाचे उरत नाही, ही समजूत तर चूकच आहे. जक्कयाने चौपट परत करावयाचे ठरविले, पण त्याआधी तो झाडावरून खाली आला होता.

आता आपल्याविषयी, कारण नव्याण्णवांत आपणही असतो. अशा वेळी उतारू कसे वागतात तेही पाहण्यासारखे असते. हवाईसुंदरीवर ओरडल्याने तुर्कस्तानात दुसरे शौचालय उघडत नाही. पण याहून कडू गोष्ट निराळी आहे. तीस तास उलटले, लेकरे भुकेने किरकिरू लागली, की माणसे हळूच कुजबुजू लागतात की त्या एकामुळे आपण अडकलो. इतका आजारी होता तर विमानात बसलाच कशाला? सांभाळ न झालेल्या नव्याण्णवांना हरवलेल्याचा राग येऊ लागतो. कंपनीच्या हयगयीचे खरे नुकसान मला येथे दिसते, आणि कोणतेही न्यायालय ते मोजू शकत नाही. हा राग पुढच्या विमानातही जातो. छातीत कळ येणारी कोणी एक बाई तेथे पदर तोंडाला लावून बसून राहते. आपल्यामुळे एवढ्या लोकांचा खोळंबा नको, मुंबई आता चार तासच उरली आहे, असे ती स्वतःला सांगते. आपल्या घरच्या बायकांना ओळखणाऱ्या कोणालाही हे खोटे वाटणार नाही. तिने न भिता घंटेचे बटण दाबावे असे वाटत असेल, तर दियारबाकिरसारख्या ठिकाणी पांघरुणे वेळेवर पोचली पाहिजेत.

कंपनीच्या माणसांना आणखी एक गोष्ट करता येईल. ज्याच्यासाठी उतरलो तो कसा आहे, हे बाकीच्यांना बहुधा कोणी सांगत नाही. त्याला खुर्चीवरून किंवा झोळीतून खाली नेतात, दार लागते, आणि तो त्यांच्यापुरता नाहीसा होतो. दाखल्यातला मेंढपाळ मेंढरू सापडल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून सांगतो. त्याच्या घरच्यांची संमती घेऊन येथेही तसे का सांगू नये? नाव नको, आजार नको. त्यांना रुग्णालयात पोचविले आहे, डॉक्टर पाहत आहेत, सोबत आपले एक मनुष्य आहे, एवढेच. अडीचशे माणसांतील काही जण तरी त्या रात्री फरशीवर बसल्या बसल्या त्याच्यासाठी प्रार्थना करतील.